अर्धी रिकामी उशी

शवासनात डोळ्यांवर ठेवायची छोटी उशी आता योगवर्गांत आणि भेटवस्तूंच्या दुकानांत सर्रास दिसते. वीतभर लांब, पाच बोटं रुंद अशी कापडी पिशवी, आत जवस आणि वासाला लव्हेंडरची वाळलेली फुलं, एवढाच तिचा संसार. ज्याला सरळ टीप घालता येते त्याला ती तासाभरात घरी शिवता येते, आणि बहुधा त्यामुळेच तिच्याकडे कुणी नीट विचार करून पाहत नाही. कापड कापा, तीन बाजू शिवा, दाणे भरा, चौथी बाजू बंद करा, इथे सगळ्या सूचना संपतात. दाणे किती भरायचे, हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण उशी म्हटली की ती गुबगुबीतच हवी असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. डोळ्यांच्या उशीचा सगळा गुण ती निम्म्याहून अधिक रिकामी ठेवण्यात आहे. ठासून भरलेली उशी दिसायला देखणी असते, पण ज्या कामासाठी ती शिवली त्यातलं एकही काम तिला धड जमत नाही. आणि असं का होतं, हे शिवणकामाच्या पुस्तकापेक्षा डोळ्याच्या रचनेतून चांगलं समजतं.

आधी ही उशी करते काय, ते पाहू. तिचं पहिलं आणि सर्वांत भरवशाचं काम म्हणजे अंधार. डोळे मिटले की अंधार झाला असं वाटतं, पण पापणी हा पातळ पडदा आहे. तिची त्वचा शरीरावरच्या सर्वांत पातळ त्वचांपैकी एक, आणि तिच्यातून उजेड आत झिरपतोच. उन्हाकडे तोंड करून डोळे मिटले तर समोर तांबूस झळाळी दिसते, ती याच झिरपलेल्या प्रकाशाची. तांबड्या छटेचा प्रकाश जास्त आत येतो, निळा-हिरवा कमी. पण प्रकाश प्रखर असेल तर तोही मिटल्या पापणीआड शरीराच्या घड्याळावर परिणाम करण्याइतका पोचतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा आहेत की त्यांचा चित्र पाहण्याशी फारसा संबंध नाही. बाहेर दिवस आहे की रात्र, हे मेंदूला कळवणं हे त्यांचं काम. त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि ते साधारण ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतं. या पेशी स्वतःच प्रकाश टिपतात, हे पक्कं झालं २००२ च्या सुमारास, म्हणजे अगदी अलीकडे. दुपारी खिडकीतून ऊन येत असताना किंवा ट्यूबलाइटखाली दहा मिनिटं पडून राहिलं तर डोळे मिटलेले असले तरी ही खबर जातच राहते.

झोपताना डोळे झाकल्याने फरक पडतो का, याची तपासणीही झाली आहे. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रात्री डोळ्यांवर पट्टी बांधून झोपलेल्या तरुण-तरुणींची दुसऱ्या दिवशीची सतर्कता आणि नवी माहिती लक्षात ठेवण्याची क्षमता सरस आढळली. अतिदक्षता विभागात दिवे रात्रभर चालू असतात. तिथल्या रुग्णांना डोळ्यांची पट्टी आणि कानात बोळे दिल्यावर झोप सुधारते, असं सुचवणारे अभ्यास आहेत, मात्र ते लहान आहेत आणि त्यांचा पुरावा फार भक्कम मानला जात नाही. शिवाय हे सगळं पट्टीबद्दलचं आहे, दाण्यांच्या उशीबद्दलचं नाही. तेव्हा उशीच्या नावावर जमा करता येईल ते एवढंच: अंधार केल्याने होणारा फायदा तिलाही मिळेल, पण ती खरोखर अंधार करत असेल तरच. या अटीतच मेख आहे.

आता चेहरा आडवा झाल्यावर कसा असतो ते डोळ्यांसमोर आणा. बुबुळासकट डोळ्याचा गोळा साधारण २४ मिलीमीटर व्यासाचा असतो आणि तो हाडांच्या खोबणीत बसलेला असतो. वर भुवईचं हाड, खाली गालाचं हाड, आतल्या बाजूला नाकाचा उंचवटा. बाहेरची, कानशिलाकडची कड मात्र बरीच मागे सरलेली. म्हणजे डोळ्याभोवतीची ही चौकट सपाट नाही, तिच्या चारही कडा वेगवेगळ्या उंचीवर आहेत आणि नाक तर सगळ्यांच्या वर. आता या उंचसखल जागेवर ठासून भरलेली उशी ठेवली तर काय होईल? ती वाकणार नाही. ती नाकावर आणि दोन भुवयांवर पुलासारखी टेकेल. ज्याचे डोळे खोल आहेत त्याच्या बाबतीत उशी हाडांवर अधांतरी राहील आणि नाकाच्या दोन्ही बाजूंनी, गालांवरून उजेड सरळ आत शिरेल. ज्याचे डोळे थोडे पुढे आलेले आहेत त्याच्या बाबतीत हाच टणक पूल थेट बुबुळांवर बसेल. एकाला अंधार नाही, दुसऱ्याला दाब नको इतका. दोन्ही चुका एकाच कारणाने होतात: दाण्यांना सरकायला जागाच ठेवलेली नाही.

सैल उशीत दाणे वाहतात. ती ठेवली की जवस खोबणीकडे सरकतो, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घळीत उतरतो, कानशिलाकडच्या उतारावर पसरतो आणि फटी बुजवतो. वजन एका जागी न टेकता सगळीकडे सारखं वाटलं जातं. हा फरक नुसता जाणवण्यापुरता नाही, तो आकड्यांत मांडता येतो. २२ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद पिशवी ठासून भरली तर तिच्यात अर्ध्या लिटरहून थोडा जास्त ऐवज मावतो. तेवढ्या जवसाचं वजन साडेतीनशे ग्रॅमच्या पुढे जातं. त्याच पिशवीत १५० ग्रॅमच घातला तर तो आडवा पसरल्यावर साधारण एक सेंटिमीटर जाडीचा थर होतो. असा थर खालच्या दर चौरस सेंटिमीटरवर पाऊण ग्रॅमहूनही कमी भार टाकतो, पाऱ्याच्या मापात सांगायचं तर अर्धा मिलीमीटर. निरोगी डोळ्याच्या आतला दाब १० ते २१ मिलीमीटर असतो, त्यापुढे हा अर्धा मिलीमीटर नगण्य आहे. उलट साडेतीनशे ग्रॅमची कडक उशी समजा जेमतेम २० चौरस सेंटिमीटरवर टेकली, तर त्या जागी दाब तेरा मिलीमीटरच्या घरात जातो, म्हणजे डोळ्याच्या आतल्या दाबाच्या बरोबरीला येतो. त्यातला काही भार हाडं पेलतील हे खरं, पण किती पेलतील हे ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर अवलंबून. ही गोष्ट नशिबावर सोडायचं कारण काय?

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो पोकळ नाही. डोळ्यांवर वजन आलं की मन शांत होतं, मग जास्त वजनाने जास्त शांत होईल, असं अनेकांना वाटतं. त्याच्या आधाराला शास्त्रही दिलं जातं. डोळ्याच्या गोळ्यावर दाब दिला की हृदयाचे ठोके मंदावतात, ही प्रतिक्षिप्त क्रिया खरी आहे. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाच्या बर्नहार्ड आश्नर आणि इटलीच्या ज्युसेप्पे दान्यिनी यांनी ती वेगवेगळी नोंदवली. दाबाची संवेदना चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूतून मेंदूच्या देठाकडे जाते आणि तिथून व्हेगस नावाच्या मज्जातंतूवाटे हृदयाला वेग कमी करण्याचा निरोप मिळतो. व्हेगसचं नाव आरामाशी जोडलेलं असल्याने उशी विकणाऱ्यांना ही गोष्ट फार आवडते. पण ज्यांच्या रोजच्या कामात ही प्रतिक्रिया येते त्या डॉक्टरांना विचारलं तर चित्र वेगळं दिसतं. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत, विशेषतः लहान मुलांच्या, डोळ्याचे स्नायू ओढले गेले की ठोके एकदम खाली येऊ शकतात, क्वचित थांबूही शकतात. म्हणून भूलतज्ज्ञ मॉनिटरवर नजर ठेवून असतात. त्यांच्या लेखी हा आराम नाही, धोका आहे. एके काळी धडधड थांबवण्यासाठी डोळे दाबण्याचा उपाय वैद्यकात होता, पण पडद्याला इजा होण्याच्या भीतीने तो सोडून दिला गेला. म्हणजे उशी इतकी जड केली की ही क्रिया सुरू व्हावी, तर ती आरामाची वस्तू राहत नाही, आणि हलकी ठेवली तर त्या क्रियेचं नाव घेण्याचं कारण उरत नाही.

जड पांघरुणांचा दाखलाही दिला जातो. स्वीडनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मानसिक आजारांसोबत निद्रानाश असलेल्या रुग्णांना साखळ्या भरलेली जड पांघरुणं दिली गेली आणि त्यांच्या झोपेत चांगली सुधारणा दिसली. पण ती पांघरुणं किलोंच्या मापातली, सगळ्या अंगावर पसरलेली. त्यांच्यावरून दीडशे ग्रॅमच्या पिशवीबद्दल निष्कर्ष काढणं ओढूनताणून आहे, आणि छातीला-मांड्यांना सोसणारा भार बुबुळांना सोसतो असं म्हणणं तर सरळ चूक. हलक्या वजनाचा उपयोग वेगळा आहे आणि तो साधा आहे. उशी जागची हलत नाही, तिला इलॅस्टिक लागत नाही, कानांमागे काही रुतत नाही. आणि पापणीवर मऊ स्पर्श असला की मिटल्या डोळ्यांची चाळवाचाळव आपली आपल्याला कळते, ती कळली की थांबवता येते. डोळे मिटण्याचा स्वतःचाही परिणाम असतो, हे विसरू नये. हान्स बर्गर यांनी १९२९ पासून माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्या सुरुवातीच्या नोंदींतच हे दिसलं होतं: स्वस्थ बसून डोळे मिटले की सेकंदाला दहाच्या आसपास अशी एक संथ लय उमटते आणि डोळे उघडताच ती ओसरते. उशी ही लय निर्माण करत नाही. ती फक्त डोळे मिटलेले राहू देते.

यावर कुणी म्हणेल, मग एवढा खटाटोप कशाला, घडी घातलेला रुमाल पुरे की. अंधारापुरतं बोलायचं तर हे मान्य करायलाच हवं. गडद रंगाच्या, चार पदरी सुती ओढणीने बरंचसं काम होतं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीने शिकणारे साधक शवासनात आणि प्राणायामात डोक्याभोवती, डोळ्यांवरून क्रेप बँडेज सैलसर गुंडाळतात. तिथे वजन असं काही नसतंच, बँडेज ताणून बांधायचं नाही यावरच भर असतो. ही रीत माझ्या मुद्द्याच्या बाजूनेच बोलते: डोळ्यांना हवं ते आच्छादन, भार नव्हे. रुमालाची अडचण एवढीच की तो नाकावर तंबूसारखा उभा राहतो आणि कूस थोडी हलली तरी सरकतो. दाण्यांची सैल पिशवी या दोन्ही अडचणी दूर करते, शिवाय ती गार किंवा कोमट करून ठेवता येते. ज्याला रुमालाने भागतं त्याने खुशाल भागवावं.

कोमट उशीचा उपयोग मात्र काही जणांना खरोखर होतो. पापण्यांच्या कडांत तैलग्रंथी असतात, हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं आणि त्यांना त्याचंच नाव मिळालं. त्यांतून पाझरणारं तेल अश्रूंच्या थरावर पसरतं आणि अश्रू लवकर सुकू देत नाही. हे तेल घट्ट होऊन ग्रंथींची तोंडं बुजली की डोळे कोरडे, चुरचुरणारे होतात. अशा वेळी डोळ्यांचे डॉक्टर मिटल्या पापण्यांवर काही मिनिटं कोमट शेक घ्यायला सांगतात, पापणीपाशी ४० अंश सेल्सियसच्या आसपास. स्क्रीनकडे पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, त्यामुळे दिवसभर संगणकावर काम करणाऱ्यांची ही तक्रार नेहमीची. जवस उष्णता बऱ्यापैकी धरून ठेवतो, म्हणून शेकाला बरा. पण इथेही थर पातळच हवा. जाड उशीचा पोटातला गाभा कितपत तापला आहे हे वरून हाताला कळत नाही. तो वरच्यापेक्षा गरम असला तर ती उष्णता थोड्या वेळाने बाहेर येते, आणि पापणीची कातडी चटका सहन करण्याच्या लायकीची नाही. सूज किंवा खाज असेल तर शेकाऐवजी गार उशी बरी. ती घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावी, नाहीतर तिला चिरलेल्या कांद्याचा वास लागतो.

आत भरायला जवसच का, याचं उत्तर त्याच्या दाण्यात आहे. जवसाचा दाणा चपटा, गुळगुळीत, टोकाशी निमुळता. मूठ सैल केली की बोटांच्या फटींतून तो सरसर निसटतो, पण एकदा पसरला की गोल दाण्यासारखा घरंगळत राहत नाही, एकावर एक चपटा बसून राहतो. चेहऱ्याच्या उंचसखलपणावर पसरायचं आणि मग तिथेच थांबायचं, हे दोन्ही गुण एका दाण्यात सहसा मिळत नाहीत. विदर्भात नागपूर, भंडारा, चंद्रपूरकडे हे रब्बीचं जुनं पीक आहे आणि चटणीमुळे तो घराघरात ओळखीचा आहे. त्याचे तोटेही आहेत आणि ते शिवण्याआधीच माहीत असलेले बरे. दाण्यात सुमारे ४० टक्के तेल असतं, आणि त्यातलं निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल. हे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी चटकन संयोग पावतं. चित्रकारांचे तैलरंग जवसाच्या तेलामुळे वाळून कडक होतात ते याच गुणाने, आणि या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो तोही याच गुणाने. अख्ख्या, न फुटलेल्या दाण्यात तेल कवचाआड सुरक्षित असतं, म्हणून उशीत तो वर्षभर टिकतो. फुटके दाणे मात्र लवकर खवट होतात. भरण्याआधी जवस बारीक चाळणीतून चाळावा, पाखडावा, दोन दिवस उन्हं दाखवावीत. भाजू नये. भाजल्याने ओल जाते हे खरं, पण तेल खवट होण्याची सुरुवातही तिथेच होते. आणि जवस भिजवायचा नाही. पाणी लागताच त्याच्या कवचातून बुळबुळीत गोंद सुटतो, पिशवीत गोळा होतो, आणि मग ती फेकण्यावाचून इलाज नाही.

इतर दाण्यांमध्ये तांदूळ सर्वांना आधी सुचतो, कारण तो घरात असतो. तांदूळ एका कपाला जवसापेक्षा जड भरतो, त्याची टोकं पातळ कापडातून टोचतात आणि पावसाळ्यात त्यात पोरकिडे होतात. नाचणी बारीक आणि गोल, ती छान वाहते, पण थांबत नाही. डोकं जरा कललं की सगळी एका बाजूला. सब्जा जवसाहूनही जास्त गोंद सोडतो. मोहरीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी देण्याची रीत आहे आणि तीच मोहरी डोळ्यांच्या उशीत भरावी असं वाटणं स्वाभाविक आहे. कोरडा, अख्खा मोहरीचा दाणा निरुपद्रवी असतो. पण तो चिरडला आणि ओला झाला की त्यातली दोन द्रव्यं एकत्र येऊन झणझणीत तेल तयार होतं, फोडलेल्या मोहरीचा लोणच्यातला झोंबरेपणा तो हाच. डोक्याखालच्या उशीत याचा त्रास होत नाही, डोळ्यांवर घामट किंवा ओलसर पिशवीत तो होऊ शकतो. म्हणून तिथे मोहरी नको.

सुगंधाबद्दल मी जरा कठोर आहे. लव्हेंडरची फुलं घालण्याची पद्धत युरोपातून आली. आता जम्मू भागात भदरवाहच्या परिसरात त्याची शेती होते, त्यामुळे ती मिळतातही. लव्हेंडरच्या वासाने शांत वाटतं असं सांगणारे प्रयोग पुष्कळ आहेत. पण या प्रयोगांची एक मूळची अडचण आहे: वास आला की माणसाला आपण कोणत्या गटात आहोत हे कळतंच. ज्या चाचण्यांचा दाखला जास्त वजनाने दिला जातो त्यांतल्या काहींमध्ये लव्हेंडरचं तेल कॅप्सूलमधून पोटात दिलेलं होतं, त्यावरून वासाबद्दल काही सिद्ध होत नाही. शिवाय लव्हेंडरच्या तेलातलं लिनालूल हवेत राहून ऑक्सिडाइज झालं की त्याची काहींना त्वचेवर ॲलर्जी येते. पापणीसारख्या कातडीवर रोज दहा मिनिटं तेलाचे थेंब टाकलेली पिशवी ठेवणं म्हणूनच मला पटत नाही. वास हवाच असेल तर वाळ्याची दोन-चार मुळं किंवा चमचाभर वाळलेली फुलं पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून अभ्र्याच्या कानशिलाकडच्या टोकाला ठेवावीत, दाण्यांत मिसळू नयेत. कापूर नको. आणि डांबरगोळ्यांसोबत ठेवलेलं जुनं कापड वापरायचं असेल तर ते आधी दोनदा धुवावं, वारा द्यावा, वास पूर्ण गेला तरच कात्री लावावी.

आता शिवण. दोन वस्तू शिवायच्या: दाण्यांची आतली पिशवी आणि तिच्यावरचा काढता-घालता येणारा अभ्रा. पिशवी धुता येत नाही, म्हणून अभ्रा हवाच. चेहऱ्याचा घाम, तेल, काजळ त्यालाच लागू दे. पिशवीला घट्ट विणीचं सुती कापड, पॉपलीन किंवा ब्लाउजचं रुबिया. मलमल इथे चालत नाही, तिच्या विणीतून जवसाचं निमुळतं टोक बाहेर डोकावतं. अभ्र्याला मात्र मऊपणा आधी पाहावा, वापरून वापरून नरम झालेलं धोतर किंवा सुती साडी याला तोड नाही. रंग गडद असेल तर अंधार अधिक. कापड नवं असेल तर खळ जाईपर्यंत धुवून, वाळवून, मगच कापावं, नाहीतर पहिल्या धुण्यात अभ्रा आटून पिशवी आत जायची नाही. पिशवीसाठी २४ सेंटिमीटर लांब आणि २२ सेंटिमीटर रुंद तुकडा उभ्या धाग्याला धरून कापावा. उरेब कापला तर दाण्यांच्या भाराने तो ताणला जाऊन आकार सोडतो. लांबीच्या दिशेने उलटी बाजू बाहेर ठेवून दुमडावा आणि सगळीकडे एक सेंटिमीटर माया धरून लांब बाजू आणि दोन्ही टोकं शिवावीत. एका टोकाला मधोमध चार सेंटिमीटर जागा उघडी सोडावी. टाका बारीक हवा. हाताने शिवणाऱ्याने धावदोरा न घालता उलटी टीप घालावी, कारण धावदोऱ्याच्या दोन टाक्यांमधून जवस वाट काढतो. कोपऱ्यांवरची माया तिरकी छाटून पिशवी सुलट करावी. मग खालच्या लांब कडेच्या बरोबर मध्यावर, कडेपासून वर अडीच सेंटिमीटर, दोन्ही पदरांतून एक सरळ टीप मारावी. ही नाकाची जागा. तिथे दाणे साचत नाहीत, पिशवीचे दोन भाग नाकाच्या दोन्ही अंगांना खाली उतरतात, आणि वरून दाण्यांची ये-जा सुरूच राहते. मधोमध पूर्ण शिवण घालून दोन कप्पे करण्याची पद्धतही आहे, पण तिने दाण्यांचं पसरणं अडतं, म्हणून मला ती मान्य नाही.

जवस नरसाळ्याने भरावा, आधी १२० ग्रॅम. उघडी जागा टाचणीने तात्पुरती बंद करून पिशवी मध्यभागी एका बोटावर तोलून धरावी. दोन्ही टोकं बोटाच्या दोन बाजूंना सरळ खाली लोंबली तर भरणी बरोबर. पिशवी बोटावर आडवी, ताठ राहिली तर दाणे काढावेत. टेबलावर सपाट पसरल्यावर जाडी बोटाच्या जाडीपेक्षा जास्त नको. चेहरा मोठा असेल, अंधार पुरेसा होत नसेल, तर आणखी तीस ग्रॅम घालावे, त्यापुढे जाऊ नये. मन फसतं ते इथे. टेबलावरची पिशवी चोपलेली, अपुरी वाटते आणि हात पुन्हा जवसाच्या डब्याकडे जातो. ती टेबलावर पाहायची वस्तू नाही, डोळ्यांवर ठेवून पाहावी. समाधान झालं की उघड्या टोकाची माया आत दुमडून, दुहेरी दोऱ्याने, काठावरून जवळजवळ टाके घालत तोंड बंद करावं आणि शेवटी दोनदा गाठ मारावी. अभ्र्यासाठी १३ सेंटिमीटर रुंद आणि ५६ सेंटिमीटर लांब पट्टी पुरते. तिच्या दोन्ही आखूड कडा दुमडून शिवाव्यात, मग पट्टीची घडी अशी घालावी की लांबी २३ सेंटिमीटर राहील आणि मागे दोन कडा एकमेकींवर आठ सेंटिमीटर चढतील. दोन लांब बाजू एक सेंटिमीटर माया धरून शिवल्या आणि सुलट केलं की पाकिटासारखा अभ्रा तयार. बटण नको, चेन तर मुळीच नको, डोळ्यांपाशी टणक काही असू नये. चढलेल्या कडांची बाजू चेहऱ्यापासून वर राहील अशी उशी ठेवावी.

गरम करायची झाल्यास सर्वांत बिनधोक रीत म्हणजे गरम पाण्याच्या रबरी पिशवीवर किंवा गरम पाणी भरलेल्या डब्याच्या झाकणावर ती काही मिनिटं ठेवणं. मायक्रोवेव्हमध्ये दाण्यातली ओल दर वेळी थोडी उडते, आणि कोरडे पडलेले दाणे मग भराभर तापतात. ब्रिटनमधल्या अग्निशमन दलांनी गव्हाच्या शेकपिशव्यांबद्दल आगीचे इशारे दिले आहेत, आणि जवसात तर तेल जास्त. तरीही वापरायचाच असेल तर बाजूला पेलाभर पाणी ठेवून, दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिल्याशिवाय डोळ्यांवर नाही. काचबिंदू असलेल्यांनी, बुबुळाचा आकार शंकूसारखा होण्याचा विकार असलेल्यांनी आणि मोतीबिंदूची किंवा चष्म्याचा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलकी उशीही वापरू नये. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढाव्यात. तान्ह्या बाळाच्या तोंडावर ती कधीही ठेवायची नाही. झोप लागेपर्यंत ठीक, रात्रभर मात्र डोळ्यांवर ठेवू नये, कारण कूस बदलली की ती चेहरा आणि गादी यांच्यामध्ये सापडते आणि मग तिच्यावर डोक्याचा भार येतो.

अभ्रा आठवड्याला धुवावा. पिशवी महिन्यातून एकदा उन्हात टाकावी, कोकणात पावसाळ्यात तिला कोरड्या डब्यात बंद ठेवावं. जवस बदलायची वेळ नाकाला कळते: जुन्या तेलासारखा किंवा ओल्या रंगासारखा वास आला की दाणे गेले. टोकाची हाताची शिवण उसवावी, दाणे खतात टाकावेत, पिशवी धुवून, कडक वाळवून नवा जवस भरावा. दरवर्षी बदल करणं हे माप म्हणून पुरे, शेकासाठी रोज वापरत असाल तर सहा महिने. तोंड बंद करण्यासाठी मशीनऐवजी हातशिवण घ्यायची ती याचसाठी, ती उसवायला सोपी जाते आणि कापड फाटत नाही.